फोटोत न दिसणारी गाडी

नीरा-देवघर धरणाच्या कडेला एका टपरीसमोर मित्राने गाडी लावली आणि दोन मिनिटांत तिच्याभोवती दहा-बारा माणसं जमली. इंजिन बुलेटचं, बाकी सगळं नव्याने घडवलेलं. पत्रा हाताने ठोकून केलेली टाकी, थेंबासारखी मागे निमुळती होत गेलेली. पुढचं चाक धरणारा फोर्क हातभर लांब. मागे शॉकअप नाहीतच. रुंद टायर आणि त्यावर वीतभर मडगार्ड. चहावाल्या काकांनी आधी हात पुसले आणि मगच टाकीवरून बोट फिरवलं. मलाही ती गाडी सुंदर वाटली, आजही वाटते. पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना हे ध्यानात ठेवा.

चहा झाल्यावर मित्र म्हणाला, "घाट तू घे. माझे खांदे भरून आलेत." पुण्याहून निघून आम्ही शंभर किलोमीटरही आलो नव्हतो.

वरंध घाट उतरताना तिसरं वळण डावीकडचं होतं, अगदी आवळलेलं. वेग माणूस चालतो तेवढा. मी हँडल थोडं डावीकडे वळवलं आणि पुढचं ते आपणच वळलं. चाक आत पडलं, गाडीचं नाक खाली गेलं, ते सावरायला मला दोन्ही हातांनी हँडल ओढून धरावं लागलं. अशा वेळी पाय मागच्या ब्रेकवर अलगद टेकवून गाडी स्थिर करायची सवय असते. पण फुटरेस्ट आणि ब्रेक दोन्ही हात-दीड हात पुढे नेलेले. पाय तिथे पोचेपर्यंत मी रस्त्याच्या चुकीच्या बाजूला गेलो होतो आणि सायलेन्सर डांबराला घासत होता. समोरून महाडकडची एसटी चढत होती. ड्रायव्हरने ती जागच्या जागी थांबवली, मी सावरेपर्यंत शांतपणे थांबला आणि जाताना हात वर करून गेला. त्याचे आभार मानायचे राहून गेले.

त्या गाडीवर मित्राने एका चांगल्या मोटारीएवढे पैसे घातले होते. तिचे फोटो शेकडो लोकांनी वाखाणले होते. तिच्यावर बसून घाट उतरलेला माणूस मात्र तिच्या मालकानंतर मीच पहिला. महागड्या कस्टम, म्हणजे हौसेने नव्याने घडवून घेतलेल्या गाड्यांच्या जगात जे बिघडलं आहे ते मला इथे दिसतं. गाडी कशी आहे हे ठरवणारे बघणारे असतात, बनवणारे असतात, फोटो काढणारे असतात. चालवणाऱ्याचं मत शेवटी कधीतरी येतं आणि तेही तक्रार म्हणून. माझ्या मते सवाराचं मत हा डिझाइनचाच भाग आहे. ते घेतलं नसेल तर डिझाइन अर्धंच झालेलं असतं, मग टाकीवरचं काम कितीही देखणं असो.

यावर ठरलेलं उत्तर असतं: आवड ज्याची त्याची. रंग, टाकीचा आकार, पितळेची बटणं, सीटचं चामडं याबाबत ते खरंही आहे. पण फोर्कचा कोन ही आवडीची बाब नाही. हँडल ज्या नळीत फिरतं, जिच्यात बॉलरेस बसते, त्या नळीची रेघ मनातल्या मनात खाली जमिनीपर्यंत ओढा. ती चाक जिथे टेकतं त्याच्या थोडी पुढे टेकते. या दोन बिंदूंमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. साध्या रस्त्यावरच्या गाड्यांना ते साधारण १०० मिलिमीटरच्या आसपास असतं आणि नळीचा उभ्या रेषेशी कोन २४ ते २८ अंशांच्या दरम्यान. या ट्रेलमुळेच गाडी सरळ रेषेत राहते. ट्रॉलीची चाकं जशी आपोआप मागे वळून सरळ धावतात, तसं पुढचं चाक स्वतःला सरळ करत राहतं. चॉपरमध्ये, म्हणजे मित्राच्या गाडीसारख्या लांब फोर्कच्या कस्टम गाडीत, हा कोन ४० अंशांपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे नेतात, कारण लांब, आडवा फोर्क डोळ्याला भावतो. ट्रेल वाढतो. सरळ महामार्गावर गाडी रुळावर असल्यासारखी जाते. पण वेग उतरला आणि हँडल वळवलं की पुढचा भाग खाली बसतो आणि चाक आत कोसळतं. वरंधला माझं झालं ते हेच.

हे टाळायला काही कारागीर फोर्क धरणाऱ्या पट्ट्यांनाच आणखी तिरपं करतात. त्याने ट्रेल कमी होतो, हँडल हलकं होतं. हिशेब बरोबर असेल तर उत्तम. हिशेब चुकला आणि ट्रेल फारच घटला, तर तीच गाडी ऐंशी-नव्वदच्या वेगाला हँडल थरथरवू लागते, आणि ते थरथरणं हातांनी आवरत नाही. आता अशा दोन गाड्या शेजारी उभ्या करून फोटो काढा. त्याच टाक्या, तसेच लांब फोर्क, तीच चमक. एक सुखरूप घरी आणणारी आणि एक जीव घेणारी, आणि फोटोत दोन्ही सारख्याच. हा फरक डोळ्यांना दिसतच नाही, तो फक्त हातांना कळतो. म्हणून मी चालवणाऱ्याच्या मताला इतरांच्या मतापेक्षा वरचं स्थान देतो. माहितीच त्याच्याकडे असते.

रुंद मागच्या टायरचंही तसंच. २४० किंवा ३०० मिलिमीटरचा टायर मागून पाहिला की छाती भरून येते. वळणावर गाडी कलली की असा टायर आपल्या कडेवर जातो, टेकण्याची जागा मधल्या रेषेपासून लांब सरकते आणि गाडी पुन्हा उभी राहायला बघते. सवार तिला खाली दाबत राहतो, खांदे भरून येतात. आणि शॉकअप नसलेली मागची बाजू? सगळे फक्त कंबरेबद्दल बोलतात. खरा धोका चाकाचा आहे. खड्ड्यावरून चाक उडतं आणि त्या क्षणी रस्त्यावर पकड नसते, मग तुम्ही ब्रेक दाबलेला असो की वळणावर असा. बुलेटला मागे स्विंगआर्म (मागचं चाक धरून वरखाली हलणारा दांडा) आणि शॉकअप १९४९च्या सुमाराला मिळाले. ते सवारांचे लाड म्हणून दिलेले नव्हते.

कस्टम बांधणीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००४मध्ये सुरू झाली. तिचं वैशिष्ट्य असं, की भाग घेणारे कारागीरच एकमेकांच्या गाड्यांना मतं देतात. कारागिराने कारागिराची कदर करावी, वेल्डिंग कसं बेमालूम घासलंय, वायरी कुठे लपवल्यात हे त्यांच्याइतकं दुसऱ्याला कळणार नाही. मला त्या पद्धतीबद्दल आदर आहे. पण तिथे चालवणारा हा परीक्षक नाही, आणि ज्या कामाला बक्षीस मिळतं त्या दिशेने सगळा धंदा झुकतो. अमेरिकेत त्याच सुमाराला दूरचित्रवाणीवर चॉपर बांधणाऱ्यांच्या मालिका घरोघरी पोचल्या होत्या. एक गाडी अग्निशमन दलाच्या थीमची, दुसरी विमानाच्या थीमची. पण अशा गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांपैकी टेक्ससमधली अमेरिकन आयर्नहॉर्स २००८मध्ये दिवाळखोरीत गेली, कॅन्ससमधली बिग डॉग २०११मध्ये थांबली. मंदी आणि आटलेली कर्जं हे त्याचं मोठं कारण होतं, सगळा दोष लांब फोर्कवर टाकणं बरोबर होणार नाही. तरी इतकं म्हणता येतं, की चाळीस हजार डॉलरची गाडी ज्याला रोज काढावीशी वाटते तो ती अडचणीतही सांभाळतो. जी गॅरेजात झाकून ठेवायची असते ती सगळ्यात आधी विकली जाते.

समोरच्या बाजूचा सगळ्यात चांगला मुद्दा कलेचा आहे आणि तो मी टाळणार नाही. १९९८मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने मोटरसायकलींचं मोठं प्रदर्शन भरवलं. ज्या दालनांत चित्रं आणि शिल्पं असायची तिथे गाड्या उभ्या राहिल्या आणि लोकांनी रांगा लावल्या. मग म्हणणारे म्हणतात, शिल्पाला कोणी विचारतं का, तू घाट चढशील का म्हणून? खुशाल शिल्प करा, माझी काहीच हरकत नाही. पण मग तिला नंबरप्लेट लावू नका, तिला रस्त्यावर आणू नका, आणि गिऱ्हाइकाला विकताना सांगा की ही बघायची वस्तू आहे. रस्त्यावर आणली की ती मोटरसायकल झाली.

आणि खरे कलावंत तर स्वतःच चालवणारे निघतात. शिन्या किमुरा घ्या. जपानमधल्या ओकाझाकीत त्यांनी झिरो इंजिनिअरिंग ही कार्यशाळा उभारली, नंतर कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. त्यांच्या गाड्या हातोडीच्या खुणा अंगावर तशाच वागवणाऱ्या, कुठल्याही संग्रहालयात शोभतील अशा. हे गृहस्थ १९१५ची इंडियन मोटरसायकल घेऊन अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मोहिमेत उतरले. शंभरीला आलेली गाडी, तीही हजारो मैलांच्या रस्त्यावर. न्यूयॉर्कचे इंडियन लॅरी चॉपरच बांधायचे, पण आटोपशीर, वळणारे, आणि स्वतः त्यावर उभं राहून कसरती करायचे. २००४मध्ये अशीच कसरत करताना त्यांचा जीव गेला. त्या धाडसाचं मी कौतुक करत नाही. पण त्यांच्या गाडीचा तोल त्यांच्या स्वतःच्या तळपायांना ठाऊक होता आणि तो त्यांच्या बांधणीत उतरला होता.

सवाराचं ऐकलं की रूप मरतं, गाडी रोज ऑफिसला न्यायची कम्यूटर होते, ही भीती तर मुळातच खोटी आहे. हार्लेची सॉफ्टेल तिचा पुरावा आहे. सत्तरच्या दशकात सेंट लुइसच्या बिल डेव्हिस या अभियंत्याला, जो स्वतः हार्ले चालवायचा, जुन्या शॉकअप नसलेल्या चासीची रेघ हवी होती. मागच्या चाकापासून सरळ वर सीटखाली जाणारी ती तिरपी नळी. पण पाठ मोडून घ्यायची नव्हती. त्याने शॉकअप लपवायची युक्ती स्वतःच काढली, आणि हार्लेने ती त्याच्याकडून विकत घेऊन १९८४ साली पहिली सॉफ्टेल बाजारात आणली. आज चाळीस वर्षांनंतरही ते नाव चालू आहे. एका सवाराला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या होत्या, त्याने दोन्हीतली एकही सोडली नाही, आणि त्या हट्टातून कंपनीच्या सगळ्यात देखण्या गाड्यांची एक पिढी जन्मली.

अलीकडचं उदाहरण आर्च या अमेरिकन कंपनीचं. कियानू रीव्ह्ज हा नट आपली हार्ले घेऊन गार्ड हॉलिंजर या कारागिराकडे गेला तो मागच्या सीटचा पाठटेका बसवायला. त्या एका पाठटेक्यावरून गोष्ट वाढत वाढत अख्खी गाडीच नव्याने बांधण्यापर्यंत गेली आणि त्यात काही वर्षं गेली. मध्ये काय होत होतं? एक जण चालवत होता, सांगत होता, दुसरा बदलत होता. त्यातून २०११मध्ये कंपनी निघाली. त्यांची केआरजीटी-१ सुरुवातीला ७८,००० डॉलरना होती, म्हणजे तेव्हाच्या दराने पंचेचाळीस-पन्नास लाखांच्या घरात. इंजिन २०३२ सीसीचं, टाकी अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरून काढलेली, मागचा टायर तोच रुंद, २४० मिलिमीटरचा. पण ती वळावी म्हणून चासी आणि सस्पेन्शनवर काम झालं आणि गिऱ्हाइकाच्या अंगाप्रमाणे सीट, हँडल, फुटरेस्ट जुळवून देतात. किंमत मला अवाच्या सवा वाटते, आणि मला स्वतःला ती गाडी जरा जास्तच पीळदार दिसते, पण पद्धत बरोबर आहे. शिंपी कापड कापण्याआधी माप घेतो. लाखो रुपये घेणाऱ्या कस्टम कारागिराने सवाराच्या पायाची लांबी मोजलेली नसावी, हे मी आपल्याकडे एकदा नव्हे, अनेकदा पाहिलं आहे.

आपल्याकडे मुंबईची वर्देंची, जयपूरची राजपुताना कस्टम्स यांच्यासारख्या कार्यशाळांनी या कामाला नाव मिळवून दिलं. त्यांच्या मागोमाग गल्लोगल्ली मेस्त्री उभे राहिले, बहुतेक जण बुलेटवरच काम करणारे. यांच्यातल्या कित्येकांचा हात असा आहे की बघत राहावं. पण नमुना समोर असतो तो कॅलिफोर्नियाचा. लांबलचक सरळ रस्ता, सहा फुटी माणूस, एकटा. इथे पाच फूट पाच इंचांचा माणूस, स्पीडब्रेकर, जुलैतला चिखल, आणि मागे बायको.

मागे बायको, हे मी मुद्दाम म्हणतो. कस्टम करताना सगळ्यात आधी काय काढून टाकतात? साडी गार्ड. नंतर मागचं मडगार्ड छाटतात, मग मागची सीट, मागचे फुटरेस्ट. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि मागचं चाक निदान अर्धं झाकेल असं संरक्षण हवं, म्हणजे कपडा चाकात जाणार नाही. हा नियम ज्यांनी लिहिला त्यांनी आपल्या रस्त्यावर कोण कसं बसतं ते पाहिलं होतं. ओढणी चाकात गेलेली मी लहानपणी आमच्या गल्लीत पाहिली आहे, मावशी वाचल्या, पण तो आवाज विसरलेलो नाही. साडी गार्डला कुरूप म्हणून काढणाऱ्या एकाही कारागिराने सुंदर साडी गार्ड करून दाखवलेला मला माहीत नाही. जो पत्र्याला थेंबाचा आकार देतो त्याला चाकावरच्या एका जाळीला आकार देता येऊ नये? येईल. त्याला कोणी मागितलेला नाही. मागे बसणाऱ्या बाईचं मत तर सवाराच्या मताहूनही शेवटी येतं.

मित्राच्या गाडीचं पुढे काय झालं ते सांगतो. घाटानंतर आम्ही मेस्त्रीकडे गेलो. भला माणूस, कामावर जीव टाकणारा. गाडी चालवून पाहिली होती का विचारलं तर म्हणाला, हो, गॅरेजपासून पेट्रोलपंपापर्यंत. मित्राने काही न बोलता त्याला हेल्मेट दिलं आणि जुन्या कात्रज घाटाकडे पाठवलं. तासाभराने तो परत आला, गाडी स्टँडवर लावली आणि बराच वेळ पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसून राहिला. मग म्हणाला, "कोन मीच चुकवलाय. आणि ब्रेक कुठे नेऊन ठेवलाय मी." फोर्क आखूड झाला, कोन परत उभा आला, फुटरेस्ट मागे आले. टाकी तीच आहे. मला विचाराल तर गाडी आता अधिक देखणी दिसते, पण त्यावर आमच्यात मतभेद आहेत आणि ते राहू देत.

पण हे सगळं काम कायद्याच्या नजरेत गुन्हा आहे, पहिलंही आणि दुरुस्तीचंही. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार कारखान्याच्या मूळ नोंदीशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये केरळच्या एका प्रकरणात ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. कानठळ्या बसवणाऱ्या सायलेन्सरवर पोलीस रोलर फिरवतात त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, माझ्या इमारतीत एक म्हातारे हृदयरोगी राहतात आणि रात्री अकराला ते फटाके कसे लागतात ते मी पाहतो. पण हा कायदा फटाके फोडणारा सायलेन्सर आणि नीट हिशेब करून बसवलेला चांगला ब्रेक यांना एकाच मापाने मोजतो. परिणाम असा की प्रामाणिक कारागीर लपून काम करतो, आरसी बुकात जुनीच गाडी राहते, आणि ज्या कोनाने माणूस मरू शकतो तो कोन कोणीच कधी तपासत नाही. बंदी सगळ्यावर आहे आणि तपासणी कशाचीच नाही.

ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या किंवा मुळापासून बदललेल्या मोटरसायकलसाठी एकेका गाडीची स्वतंत्र मान्यता-तपासणी असते. जर्मनीत बदल तपासून घ्यायचा आणि गाडीच्या कागदांवर नोंदवून घ्यायचा. आपल्या कायद्यानेही दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत बदल करायला परवानगीची वाट ठेवली आहेच, म्हणजे तत्त्व मान्य आहे. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआयसारखी संस्था आहे, जी कंपन्यांच्या गाड्या तपासते. तिथल्या ज्ञानाचा एक लहानसा भाग ठरावीक फी घेऊन एकेकट्या गाडीसाठी उघडता येईल.

ती तपासणी कागदावरची असू नये, एवढाच माझा आग्रह आहे. चासी नंबर खरवडून पाहिला, फोटो काढला, शिक्का मारला, असं झालं तर पुन्हा तेच होईल. तपासणाऱ्याने हेल्मेट घालून स्वतः गाडीवर बसावं. चालण्याच्या वेगाने इंग्रजी आठचा आकडा काढावा, दोन्ही बाजूंना. उखडलेल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबावा. ऐंशीच्या वेगाला हँडल सैल धरून पाहावं. मग मागे एक माणूस बसवून हे सगळं पुन्हा करावं, आणि त्या मागच्या माणसालाही विचारावं. अर्ध्या दिवसाचं काम आहे.